लेबलावरचे पन्नास, अंगावरचे एक्केचाळीस

थांबा, थांबा, असे घाईने पुढे जाऊ नका. इकडे, खालून दुसऱ्या फळीवर बघा. दोन पिवळ्या शेपट्या लोंबतायत ना, त्या माझ्या. मी रीळ बोलतोय. शिवणकामाच्या दोऱ्याचं रीळ नव्हे हो, काचेच्या धाग्याचं! तुमचे फोन, तुमचे फोटो, तुमची भांडणं आणि लाडीगोडी ज्या धाग्यातून उजेड होऊन धावतात, त्या ऑप्टिकल फायबरचं रीळ.

दिसायला मी मोठ्याशा पातेल्याएवढा. एका हाताने उचलाल मला. पण अंगावर गुंडाळलेला धागा किलोमीटरने मोजावा लागतो. किती किलोमीटर, म्हणाल? अहो, सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं. सांगतो. मला कुठे जायचंय?

माझा जन्म एका उंच मनोऱ्यात झाला. वर, पार छताजवळ, काचेचा एक जाड दांडा भट्टीत धरला होता. तो तापून मऊ झाला, त्याचा एक थेंब खाली ओघळला, आणि त्याच्या मागोमाग मी. केसाएवढा बारीक. खाली येता येता अंगावर लेप चढला, तो वाळलाही, आणि मी गरगर रिळावर गुंडाळला गेलो. तिथल्या तपासनीस बाईंनी माझी दोन्ही टोकं तपासली, मान डोलावली आणि लेबल चिकटवलं : पन्नास किलोमीटर. तेव्हा ते शंभर टक्के खरं होतं, एवढं आधी लक्षात ठेवा. जन्माने मी खोटा नाही.

माझी भावंडं कुठे कुठे गेली. कुणी रस्त्याखाली, कुणी पुलाच्या पोटातून, एक तर म्हणे समुद्राच्या तळाशी. मलाही वाटलं होतं, आपणही जग बघू. आणि आलो कुठे, तर या खोलीत! खिडकीला जाड पडदा, मध्ये लोखंडी टेबल, भिंतीशी ही फळ्यांची घडवंची. इथे उजेडाच्या जाळ्यांवर संशोधन चालतं. मी पहिले काही महिने फुगूनच बसलो होतो. पन्नास किलोमीटरचा जीव आणि हिंडायला एक फळी, काय म्हणायचं याला?

माझा राग घालवला तो काकांनी. काका म्हणजे या प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ. नावाने त्यांना कुणी हाकच मारत नाही, सगळ्यांचे काकाच. भरघोस मिशी, खिशाला दोन पेनं, आणि शेपटीच्या टोकाला बोट लावणाऱ्यावर नजर. "अहो, ते टोक आहे, लोणी नाही बोट लावायला!" असं म्हणून भल्याभल्यांना दटावायचे. स्वतः मात्र माझी टोकं इतक्या हलक्या हाताने पुसायचे, की लहान मुलाचे डोळे पुसतायत असं वाटावं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "तीस वर्षांत माझ्या हातची एक चूक दाखवा, मिशी उतरवीन." अजून तरी कुणाला ती दाखवता आली नव्हती.

दुसऱ्या इथल्या मॅडम, या प्रयोगशाळेच्या प्रमुख. हुशारी एवढी, की कागदावर नुसती नजर टाकून आकड्यातली खोट सांगतील. पण चष्मा डोक्यावर लावून तोच खोलीभर शोधतील. त्यांच्या दोन शिस्ती होत्या. एक, वहीत काही चुकलं तर खोडायचं नाही. त्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि दुसरी कुणी सांगितलेली नव्हती, आपोआप पडली होती : रिळावर जे लिहिलंय ते खरं. लेबलावर पन्नास म्हणजे पन्नास. कोण मोजत बसतो?

आता काय झालं ते ऐका. एकदा प्रयोगशाळा तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर हलवायची ठरली. आम्हा रिळांना ढकलगाडीवर रचलं. लिफ्टच्या उंबऱ्याशी गाडी अडखळली आणि मी थेट फरशीवर. कड आपटली, वरचे पदर दुखावले. काकांनी एका टोकातून उजेड सोडून पाहिला, तर पलीकडे काळोख. दुसरा कुणी असता तर त्याने मला कचऱ्यातच टाकलं असतं. काका मांडी घालून खाली बसले. वरचे तुटके वेढे काढत गेले, काढत गेले. दुपारभर तेच. मोडका धागा केसांच्या गुंतवळीसारखा पोत्यात भरत राहिले, आणि शेवटी पलीकडून उजेड आला.

"आलास का बाबा," काका मला म्हणाले. नऊ किलोमीटर गेले होते. उरले एक्केचाळीस. काकांनी नवं टोक बसवलं, घाम पुसला आणि लेबल बदलायला खिशातलं पेन काढलं. पेनाचं टोपण उघडलं, आणि फोन वाजला.

"काय म्हणता? मुलगी? दोघी बऱ्या आहेत ना? अहो, मी आजोबा झालो!"

पेन तिथेच, टोपण तिथेच, आणि काका जिन्याकडे. लिफ्टची वाट बघायला सवड कुणाला? दुसऱ्या दिवशी पेढ्यासारखा चेहरा घेऊन आले, सगळ्यांना नातीचा फोटो दाखवत फिरले. लेबल राहिलं ते राहिलंच. मी मात्र तेव्हापासून नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. अंगावर पन्नास लिहिलेलं आणि आत एक्केचाळीस.

त्यानंतर बरीच वर्षं मला कुणी हात लावला नाही. नवी रिळं आली, मी मागे सरकलो. डोक्यावर धुळीचा थर. माझ्यावर कुणीतरी कॉफीचा कप ठेवायचं, त्याचा गोल डाग अजून आहे, बघा.

मग आली छोटी.

छोटी म्हणजे पीएच.डी. करायला आलेली मुलगी. तिची थोरली बहीण फोनवर तिला छोटी म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. हातात पुसण्याचा कागद नि स्पिरिट असायचं, त्यामुळे फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलायची. मग आम्हाला सगळं ऐकू यायचं.

तिचं काम मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो. उजेड काचेतून जातो, पण जाता जाता दमतो. पन्नास किलोमीटर गेला की दहावा हिस्सा उरतो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी एकेक खोली बांधतात, आणि तिथलं यंत्र दमलेल्या उजेडाला पुन्हा जोर देतं. अशा प्रत्येक खोलीला वीज लागते, गारवा लागतो, बिघडली की माणूस धावावा लागतो. छोटीचा प्रश्न असा, की गावागावांना जोडणारं जाळं आखायचं कसं, म्हणजे कमी खोल्यांत, कमी विजेत, तेवढंच काम होईल? कोणता उजेड कोणत्या वाटेने धाडायचा, एका धाग्यातून उजेडाचे किती रंग, म्हणजे किती निरोप, सोडायचे, कोणती खोली गाळता येईल? पाच गावांचं जाळं तिने या घडवंचीवर मांडलं होतं. आम्ही आठ रिळं म्हणजे तिचे रस्ते.

तिने मला मागून ओढून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "तू डोंगराच्या रस्त्यावर." मी आणि शेजारचं रीळ, दोघे मिळून तो रस्ता झालो. पन्नास नि पन्नास, शंभर किलोमीटर. खराखुरा रस्ताही तेवढाच होता. अहो, इतक्या वर्षांनी कुणीतरी मला काम दिलं! आजही त्या ओल्या फडक्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

त्या डोंगराच्या रस्त्यात छोटीचा जीव का अडकला होता, ते ताईच्या फोनवरून कळलं. ताई पलीकडच्या गावातल्या लहान रुग्णालयात परिचारिका होती.

"छोटे, आज पुन्हा लाइन गेली बघ," ताई म्हणाली. "डोंगरातल्या खोलीची वीज गेली म्हणे. इथे डोक्याला मार लागलेली बाई, आणि तिचा स्कॅन अर्ध्यात अडकलेला. शेवटी घातली गाडीत, दिली धाडून. तीन तासांचा रस्ता!"

"मग? वाचली का गं?"

"वाचली. पण दर वेळी वाचेलच असं कुणी लिहून दिलंय? मोठ्या डॉक्टरांनी तिकडून नुसता फोटो बघून सांगितलं असतं, तर जे करायचं ते इथेच केलं असतं की. ती खोली म्हणजे ताप आहे नुसता डोक्याला."

छोटीने फोन ठेवला आणि कितीतरी वेळ माझं एकच टोक पुसत राहिली. ती खोली गाळायची. तिच्यावाचून उजेड डोंगर ओलांडून न्यायचा. तिने मनात घेतलं ते एवढंच.

आणि काय सांगू, जमलं की! रंग नीट वाटून लावले, आणि उजेड मधल्या खोलीवाचून पलीकडे पोचला. छोटीने तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा पोचला. माझ्यातून दहावा हिस्सा यायला हवा होता, येत होता जवळपास सातवा. मॅडमनी चष्मा शोधला, आकडा वाचला आणि म्हणाल्या, "जातिवंत दिसतंय हे रीळ. जुन्या मालाची सर नव्याला नाही."

मी? मी फुशारलो. खोटं कशाला सांगू? मला ठाऊक होतं, की उजेड कमी दमतोय तो माझ्या गुणाने नव्हे, रस्ताच नऊ किलोमीटर कमी आहे म्हणून. पण इतकी वर्षं कॉफीचे कप डोक्यावर वागवल्यावर कौतुक कुणाला नको वाटेल? आणि सांगायला मला तोंड तरी कुठे होतं! असं म्हणून मी मनाची समजूत घालत होतो.

शोधनिबंध लिहिला गेला, एका मोठ्या नियतकालिकाने तो स्वीकारला. रुग्णालयांचं जाळं उभारणाऱ्या इंजिनिअरांचं पत्र आलं : महिनाअखेर आराखडा पक्का होईल, त्यात डोंगरातली खोली नसेल. छोटीने ते पत्र ताईला वाचून दाखवलं. ताई पलीकडून म्हणाली, "अगं बाई गं! माझी छोटी!" आणि मग दोघी रडल्या. तेव्हा मात्र माझी फुशारकी पार उतरली. खऱ्या डोंगरात खरे शंभर किलोमीटर होते हो. तिथे उजेड पोचणारच नव्हता. खोली पाडून टाकतील, आणि एक दिवस ताई स्कॅन पाठवायला बसेल, तर लाइन अर्धीही चालायची नाही.

महिना संपायला नऊ दिवस होते. इंजिनिअरांनी एक बारीकशी गोष्ट विचारली : डॉक्टर तिकडून बघत बघत सूचना देणार, तर उजेडाला पोचायला वेळ किती लागतो? प्रत्येक रस्त्याचा आकडा हवा. साधं काम. छोटीने घड्याळाचं यंत्र लावलं नि एकेक रीळ मोजत आली. पन्नास किलोमीटरला उजेडाला लागतात सेकंदाच्या दहा लाख भागांतले अडीचशे भाग. शेजारच्या रिळाचे आले अडीचशे. माझे आले दोनशे पाच.

छोटी हसली. "घाई झाली वाटतं तुला." तिने टोकं पुसली. पुन्हा दोनशे पाच. केबल बदलली, दोनशे पाच. घड्याळाचं यंत्रच बदललं, दोनशे पाच. मग ती हसायची थांबली. काचेत उजेड कधी घाई करत नाही. तो लवकर पोचला तर एकच अर्थ निघतो. तिने वहीत भागाकार केला, आणि पेन खाली ठेवलं.

काका पलीकडे टेबलाशी बसून एक टोक घासत होते.

"काका," छोटीचा आवाज विचित्र आला, "हे रीळ कधी कुणी कापलं होतं का हो?"

काकांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॉफीच्या डागावरून त्यांची नजर लेबलावर गेली. मला दिसत होतं, त्यांना लिफ्टचा उंबरा आठवला, पोतं आठवलं, फोन आठवला. निवृत्तीला दोन महिने उरले होते. निरोपाच्या भाषणात मॅडम काय बोलणार, तेही सगळ्यांना माहीत होतं : तीस वर्षं, एक चूक नाही. "माहीत नाही बुवा" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्या दुपारी त्यांच्याशिवाय खोलीत कुणी नव्हतं.

"आलोच," म्हणून काका बाहेर गेले.

मी मनातल्या मनात ओरडत होतो, परत या हो काका! बाहेर पाण्याचा नळ सुरू झाला, बंद झाला. पाच मिनिटं गेली. काका आले ते तोंड धुऊन, आणि छोटीसमोरच्या स्टुलावर बसले.

"माझ्या हातचं आहे ते," ते म्हणाले. "थांब, हिशोब करू दे. नात सात वर्षांची आहे. म्हणजे सात वर्षांपूर्वी. रीळ पडलं, मी तुटकं काढून टाकलं, नि लेबल लिहायचं राहून गेलं. त्याच वेळी ती झाल्याचा फोन आला गं. मी सगळं टाकून पळालो. किती काढलं ते मोजलंही होतं मी. नऊ किलोमीटर."

छोटीने वही त्यांच्यापुढे सरकवली. तिच्या वहीतही नऊच आले होते.

"शिव्या दे की," काका म्हणाले. "नुसती बसू नकोस."

"काका, ती खोली पाडणार होते हो. ताईकडची." एवढंच म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. काकांनी खिशातून पुसण्याचा तो कागद काढून दिला, जो आमच्या टोकांखेरीज कुणाला वापरू देत नसत.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या चष्मा शोधायला लागल्या. तो डोक्यावरच होता, पण सांगायचं धाडस कुणाला होईना. मग आपणच थांबल्या.

"सात वर्षांत हे रीळ मोजावं असं मलाही वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "लेबलावर विश्वास ठेवायची सवय या प्रयोगशाळेला मी लावली. पत्र आत्ताच्या आत्ता जाईल. निबंध मागे घ्यायचा, इंजिनिअरांना थांबवायचं. चूक प्रयोगशाळेची, सही माझी. यात कुणा एकाचं नाव येणार नाही."

"माझं येऊ द्या," काका म्हणाले.

"काका, तुम्ही गप्प बसा हो! नाव लपवायला तुम्ही बसला असतात, तर आज आपण कुठे असतो?"

दुसऱ्या दिवशी एक अनोळखी गृहस्थ प्रयोगशाळेत शिरले. मॅडम म्हणाल्या, "आपण कोण? इथे परवानगीशिवाय..." आणि तोंडावर हात ठेवून मटकन बसल्या. काका होते. मिशी उतरवून आले होते. बोलल्याप्रमाणे. छोटीला हसावं की रडावं कळेना, तिने दोन्ही केलं.

ताईला सांगणं मात्र सगळ्यात जड गेलं. छोटीने फोन लावला. नेमकी त्या दिवशी लाइन वाईट, खरखर नुसती.

"ताई, ते जमलं नाही. मी चुकले. ती खोली लागणारच."

"काय? ऐकू येत नाही गं. भरभर बोलू नकोस. हळू बोल, एकेक शब्द बोल, म्हणजे इथवर येईल!"

छोटीने एकेक शब्द सुटा करून सगळं सांगितलं. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग ती पण तशीच सावकाश म्हणाली, "आधी कळलं, हे किती बरं झालं. तू जेवलीस का?"

फोन ठेवून छोटी बसून राहिली. मग एकदम उभी राहिली. तिने नऊ किलोमीटरचं एक लहान रीळ कपाटातून आणलं, ते माझ्या शेपटीला जोडलं, रस्ता खरे शंभर केला. उजेड पलीकडे गेला तो चुकांनी भरलेला, वाचता न येणारा. तो तसा येणार हे तिला ठाऊक होतंच. पण आता ती वहीत भराभर काहीतरी लिहीत होती, आणि वर मोठ्या अक्षरांत तिने लिहिलं होतं : हळू बोल.

सगळा उजेड एकाच वाटेने, एकाच घाईने कशाला धाडायचा? ज्याला गडबड नाही, त्या साऱ्या गप्पांचे रंग दुसऱ्या, लांबच्या वाटेने वळवायचे, तिकडे खोल्या होत्याच. डोंगराच्या वाटेवर फक्त रुग्णालय. आणि त्याचा उजेड सावकाश, सुटा सुटा बोलणारा. सावकाश बोललेलं लांबवर कळतं.

हे सांगायला मला एक वाक्य लागलं, तिला चौदा महिने लागले. बरोबरीच्या मुलांनी पदव्या घेतल्या, नोकऱ्या धरल्या. ती मात्र माझी टोकं पुसत इथेच. पण शेवटी खऱ्या शंभर किलोमीटरवरून, मधल्या खोलीवाचून, उजेड वाचता येईल असा पोचला. पहिल्या निबंधात जेवढं जाणार असं लिहिलं होतं, त्याच्या निम्मंच जात होतं. पण निम्म्यात स्कॅन मावत होता. मॅडम म्हणाल्या, "निम्मं तर निम्मं, पण मोजलेलं आहे." त्या दिवशी त्यांना चष्मा पहिल्या झटक्यात सापडला.

काका मध्येच कधीतरी निवृत्त झाले. जाण्याआधीचे दोन महिने त्यांनी एकच काम केलं. प्रयोगशाळेतलं एकूण एक रीळ मोजलं. शेवटी माझी पाळी. माझं जुनं लेबल ते काढून टाकतील असं वाटलं होतं. तसं केलं नाही. पन्नासवर त्यांनी एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं : एक्केचाळीस, मोजले. खाली सही. तेव्हापासून इथे कुणी प्रयोग मांडायला लागलं की दुसरा आधी विचारतो, "रिळाला विचारलंस का?" आणि मग आम्हाला मोजल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. आम्हा रिळांना विचारतात हो, आणखी काय हवं?

परवाचीच गोष्ट. डोंगरातल्या खोलीचं यंत्र बंद करून पहिला स्कॅन पाठवायचा होता. मॅडम होत्या, छोटी होती, आणि मुद्दाम बोलावलेले काका होते. मिशी पुन्हा आली आहे, पण पांढरी. बरोबर त्यांची नात, आता आठ वर्षांची, कशालाही हात लावायचा नाही म्हणून हात पाठीमागे बांधून उभी.

फोन टेबलावर होता. बराच वेळ काही नाही. मग ताईचा आवाज आला.

"छोटे! गेला गं! एका आजोबांचा आहे. तिकडून डॉक्टर म्हणाले, इकडे धाडू नका, तिथेच उपचार करा, मी सांगतो तसं. आजोबा बाहेर बसून बिस्किट खातायत, अगं!"

छोटी सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या कडेवर हात ठेवून उभी राहिली. खऱ्या डोंगरातला तो धागा मी नव्हे, मला कळतं. मी या खोलीबाहेर कधी गेलोच नाही. पण तो उजेड आधी माझ्यातून चालायला शिकला, आणि तेवढं मला जन्मभर पुरेल.

एवढ्यात काकांची नात वाकून माझं लेबल वाचायला लागली.

"आजोबा, इथे पन्नास लिहून रेघ मारलीय. मग एक्केचाळीस. मधले नऊ कुठे गेले?"

मॅडमनी छोटीकडे पाहिलं. काका गुडघ्यावर हात टेकत खाली बसले, तिच्या बरोबरीने.

"तू आलीस ना," ते म्हणाले, "तिकडे गेले."

तिला ते अगदी पटलं. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, आपली वस्तू नीट ठेवलीय ना हे बघितल्यासारखी.

तर मंडळी, असा मी. बाहेरचं जग पाहिलं नाही, पण ज्यांनी मला पडल्यावर उचललं, पुसलं, आणि शेवटी मोजलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. तुमच्या फळ्यांवरही अशी रिळं असतील, माणसंही असतील, अंगावर कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेला आकडा घेऊन बसलेली. काम सांगायच्या आधी त्यांना एकदा विचारून घ्या. आणि या आता, छोटी येतेय. तिला आज माझ्यातून काहीतरी नवं पाठवायचंय. मी एक्केचाळीस आहे, आणि ते तिला ठाऊक आहे.